वरची वाचायची तेव्हा

ता. ९ जानेवारी

चि. भुणभुण हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमन खिडकीतून पाकीट आत टाकतो, त्या आवाजावरून मला बिल कोणतं आणि तू कोणती हे कळतं. बिल सरकत येतं, तू धप्प पडतेस. वरची भाडेकरीण लगेच खाली आली आणि तिने ते मला सावकाश वाचून दाखवलं. भावोजींच्या पाठीची जखम भरत आली आहे हे ऐकून बरं वाटलं. अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलत राहणं सोपं नाही. तुझी कंबर सांभाळ.

भाडेकरू नीट आहेत ना, असं तू दर वेळी विचारतेस म्हणून एकदा सविस्तर लिहितो. यांना येऊन दोन वर्षं होत आली. तो पंख्यांच्या कंपनीचा माल विकतो, कायम फिरतीवर. ती घरीच असते. त्यांच्या आधीचा मास्तर जाताना नळांच्या तोट्या घेऊन गेला होता, त्याच्या आधीचं कुटुंब खिडक्यांच्या कड्या. कुणी निघालं की मी भिंतीला हात लावत वरच्या दोन्ही खोल्यांतून एक चक्कर मारतो आणि जे हाताला लागलं नाही ते गेलं असं समजतो. कुणाकडून रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणतात, ते आमच्या भाडेकरूंनी फारच मनावर घेतलेलं आहे. पण ही तशी नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात बसून मी लोकांचे आवाज जोडून दिले, खोटा माणूस मला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचा. हिचा आवाज स्वच्छ आहे.

सध्या मी तिला टाइपिंग शिकवतो. सकाळी यंत्र माझं, दुपारी ते पेटीत घालून ती वर नेते, संध्याकाळी परत आणते. तू ओरडशील हे ठाऊक आहे. हे यंत्र म्हणजे माझं तोंड, ते असं उसनं द्यायचं नसतं, हे मलाही कळतं. डोळे गेल्यावर ठिपक्यांची लिपी काही माझ्या बोटांत शिरली नाही, पण नोकरीत शिकलेलं टाइपिंग बोटांतून निघालंही नाही, म्हणून तर मी अजून कुणाची मिनतवारी न करता एकटा राहतो. फोनचा आपल्याला उपयोग नाही. मी आंधळा, तू बहिरी, आणि मध्ये आगगाडीचा एक दिवस आणि एक रात्र.

वय होत गेलं तशी तुझी जीभ गोड झाली, हे मात्र मला लिहायलाच हवं. पूर्वी तुझं पत्र ऐकताना मी उशी मांडीवर घेऊन बसायचो, मार लागू नये म्हणून. गेल्या वर्षी तू लिहिलंस की माझे डोळे गेले तेव्हा तू यायला हवं होतंस. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण बोटं चालेनात. आज देतो. मी दवाखान्यातून पट्ट्या बांधून घरी आलो होतो, आणि बाहेर कुठलीही गाडी थांबली की ती तुझीच असं मला वाटायचं. ती अढी मनात पुष्कळ वर्षं होती. तुझ्या त्या एका वाक्याने ती गेली. आता मला कुणाकडून काही यायचं बाकी नाही.

माया आहेच. पोस्टाने येते म्हणून ती कमी समजू नकोस.

तुझा
दादा


ता. १८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझी जीभ गोड झाली हे तुला कुणी सांगितलं? मागच्याच पत्रात मी लिहिलं होतं की डोळ्यांपाठोपाठ तुझी अक्कलही गेली, कारण तू ऐन थंडीत गच्चीवर झोपलास आणि खोकला लावून घेतलास. त्याचं उत्तर नाही, आणि वर माझ्या जिभेचं कौतुक. मी ते पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं, माझ्या कानांसारखे आता डोळेही गेले की काय.

आणि ते वाक्य. दादा, ते मी लिहिलेलं नाही. तू पट्ट्या बांधून पडला होतास तेव्हा यांना झटका येऊन आठवडाही झाला नव्हता. तोंड वाकडं झालेलं, पाण्याचा घोट गळ्याखाली जात नव्हता. मी येऊ शकले नाही. तेव्हाही वाईट वाटलं, आताही वाटतं, पण माझं चुकलं असं मी कधी लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. तू अढी धरून बसला होतास हेच मला आज कळतं आहे.

म्हणजे मी लिहिते एक आणि तुझी ती वरची वाचते दुसरंच. ती का करते हे, विचार कर. गोड बोलून म्हाताऱ्याला खिशात घालायचं आणि एक दिवस खिसाच कापून न्यायचा. माहेर कुठलं, माणसं कुठली, तुला काही ठाऊक नाही. मास्तरांनी तोट्या नेल्या, ही तुझं तोंड घेऊन जाईल. यंत्र आजच्या आज खाली आणून कुलपात ठेव. मी आज लिहून ठेवते, ती चोर आहे. मला पत्रातूनही वास येतो.

हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. शेजारी दवाखान्यातले कंपाउंडर आहेत असं तू म्हणाला होतास, त्यांच्याकडून घे. माझी जुनी पत्रंही त्यांना काढून दे, म्हणजे मी काय लिहीत होते ते तुला कळेल.

यांची तब्येत आहे तशीच. खोकल्याला कोमट पाणी पीत जा. रागावले तरी तुझीच आहे, हे वेगळं लिहायला लावू नकोस.

तुझी
भुणभुण


ता. २६ जानेवारी

चि. भुणभुण हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र या वेळी फारच छोटं निघालं. पाकीट तर नेहमीसारखं धप्प पडलं होतं. मी वरचीला तसं म्हटलंही, तर ती म्हणाली की अक्षर मोठं आहे म्हणून कागद जास्त लागले. तुझे डोळे तपासून घे. घरात एक आंधळा पुरे.

तिला तू आशीर्वाद पाठवलेस, मुलीसारखी आहे म्हणालीस, टाइपिंग नीट शिकव म्हणालीस, हे फार चांगलं केलंस. वाचताना तिचा आवाज बसला. मध्ये थांबून ती पाणी प्यायली. सर्दी झाली आहे म्हणाली. मी तिला आलं चघळायला दिलं.

पण तुझे आशीर्वाद यायला आणि त्यांनी जायला एकच गाठ पडली. तिच्या नवऱ्याची बदली झाली आहे, महिनाअखेर ते जागा सोडतील. मला घरातला रेडिओ कुणीतरी कायमचा बंद करावा तसं झालं आहे. पुढे तुझी पत्रं वाचणार कोण, हा प्रश्न आहेच. शेजारचे कंपाउंडर सज्जन आहेत, पण त्यांचा आवाज म्हणजे बाटलीवरचं लेबल.

यंत्र ती जायच्या दिवशी खाली आणून देणार आहे. तोवर तिचा वेग वाढावा म्हणून मी ते पूर्ण वेळ तिच्याकडेच ठेवलं आहे. फक्त एवढं पत्र लिहायला मागून घेतलं.

लोभाचं घर रिकामं करू नये, भाडं लागत नाही.

तुझा
दादा


ता. ८ फेब्रुवारी

चि. भुणभुण हिस,
अ. उ. आ.

हे अक्षर माझं नाही. शेजारचे कंपाउंडर लिहीत आहेत, मी सांगतो आहे. त्यामुळे जपून सांगतो आहे.

ती मंडळी गेली. ती स्वतः पेटी उचलून खाली घेऊन आली आणि माझ्या टेबलावर नेहमीच्या जागी ठेवली. मी पेटीवर हात ठेवला. झाकण उघडणार होतो, पण तिच्यासमोर उघडलं तर तिला वाटलं असतं की मी तपासून घेतो आहे. एक कड जरा उचलून पाहिली, तीही सहज केल्यासारखी. वजन बरोबर होतं. ती पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. वर जाऊन भिंतीला हात लावत फिरण्याचा माझा शिरस्ता मी या वेळी मोडला. म्हटलं, हिच्यासाठी नको.

दुसऱ्या दिवशी ती गेल्याचं तुला कळवावं म्हणून टाइप करायला बसलो. पेटीत विटा निघाल्या. चादरीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून. मग वर गेलो. पंखा नाही. तोट्या नाहीत. पण त्याचं मला काही वाटलं नाही, तोट्या काय, सगळेच नेतात.

(विटा मी स्वतः पाहिल्या. भाजलेल्या, नव्या. — कंपाउंडर)

कंपाउंडर मला चौकीत घेऊन गेले. हवालदाराने यंत्राचा रंग विचारला. मला सांगता येईना. वजन सांगितलं, कुठली कळ जरा जड जाते ते सांगितलं, ओळ संपली की घंटी कशी वाजते ते तोंडाने वाजवून दाखवलं. ते हसले. मग त्यांनी माझ्या भाडेकरूचं वर्णन विचारलं. मी म्हणालो, आवाज स्वच्छ. यावर ते हसलेसुद्धा नाहीत.

मला यंत्राचं दुःख आहेच, पण त्याहून माझ्या कानांचं आहे. भुणभुण, मला ऐकू येत नाही असं आता मला वाटायला लागलं आहे. कुणी बोललं की मी आवाजाला हात लावून बघतो, आत वीट आहे का.

तू लिहीत राहा. तुझ्या त्या गोड पत्रांवरच आता दिवस काढायचे आहेत.

तुझा
दादा

(वरील मजकूर त्यांनी सांगितला तसा लिहिला आहे. लिहिताना ते दोनदा थांबले, ते लिहिलेलं नाही. — कंपाउंडर)


ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी यांचं दूध उतू जाऊ दिलं. काय म्हणू तुला? वजन बघितलंस आणि झाकण नाही उघडलंस. चोराला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं घर उघडं टाकणारा तूच एक. आंधळ्याने माणसं ओळखायचा तोरा मिरवला की असंच व्हायचं.

मागच्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल मला लिहायचं होतं, पण ते आता राहू दे.

इथे एका बंद पडलेल्या टाइपिंग क्लासमधून मी तुझ्यासाठी एक जुनं यंत्र मिळवलं आहे. पार्सलने पाठवते. तुझ्यासारखं नसेल, पण तोंड तर उघडेल. आणि आता ते घर विकायचा विचार कर. एकट्याने राहायचे दिवस संपले तुझे. इथे आलास तर मला दोन अंथरुणं बघावी लागतील, पण एक बघते तशी दोन बघीन. रडले तरी कोण बघतंय माझ्याकडे.

कोमट पाणी पितोस का? कंपाउंडरांना माझा नमस्कार. ओरडणारी असली तरी बहीण एकच आहे, सांभाळून घे.

तुझी
भुणभुण


ता. २ मार्च

चि. भुणभुण हिस,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. यंत्र चांगलं आहे, पण त्याची अक्षरं वेगळ्या जागी बसली आहेत. मी एक पानभर तुला पत्र टाइप केलं आणि कंपाउंडरांना वाचायला दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की यात एकही शब्द नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, माझ्या जातीची यंत्रं आता कुणी बनवत नाही आणि या वयात बोटांना नवं घर दाखवलं तरी ती जुन्याच दारावर जाऊन धडकतात. म्हणून पुन्हा कंपाउंडरांनाच त्रास.

तुझं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. तू मला रागावलीस ते योग्यच. पण एक विचारतो. तुझी पत्रं एकदम अशी का झाली? दोन वर्षं तू किती मऊ लिहीत होतीस. आता पुन्हा मला उशी लागते. की हा कंपाउंडरांच्या आवाजाचा दोष आहे? (ते म्हणतात, नाही. — कंपाउंडर) की मी मूर्ख ठरलो म्हणून तुझी माया कमी झाली?

घर विकायचं म्हणतेस. विकीनही. मला आता कुठेही बसवलं तरी सारखंच आहे. तुझ्याकडे यावं असं वाटतं, पण दुसरं अंथरूण होऊन नाही. मला एवढंच ठाऊक करून घ्यायचं आहे की मला बोलावणारी कोण आहे. ते वाक्य तू एकदा लिहिलं होतंस, मी यायला हवं होतं, ते पुन्हा एकदा लिही. कंपाउंडरांच्या आवाजात ऐकून पाहतो. त्यातूनही ते तुझं वाटलं तर मी घराच्या किल्ल्या देऊन टाकीन आणि येईन.

वाट बघतो. मला दुसरं काही बघता येत नाही.

तुझा
दादा


ता. ५ मार्च

ती. आत्यांस,
सा. न.

काकांची बहीण म्हणून मी मनातल्या मनात तुम्हाला आत्या म्हणायची, तसंच लिहिते. हे पत्र त्यांच्याच यंत्रावर टाइप केलेलं आहे. पत्ता तुमच्या पाकिटांवर इतक्यांदा वाचला आहे की तो विसरणं शक्य नव्हतं.

त्यांच्या घरी आल्यावर मी तुमचं पहिलं पत्र उघडलं, त्यात तुम्ही लिहिलं होतं की आंधळ्याने मालकाचा रुबाब करू नये. मी वाचायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. पान वाढायची वाट बघत बसावं तसे ते बसले होते. ते वाक्य माझ्याने वाचवेना. तिथून सवय लागली. आधी गाळायला लागले, मग बदलायला, मग घालायला. तुमची पत्रं वाईट नसायची. त्यांत काळजीच असायची, पण काट्यांसकट. मी काटे काढून देत होते. एकदा त्यांनी मला पट्ट्यांचे दिवस सांगितले, गाड्यांचे आवाज सांगितले. पुढच्या पत्रात मी ते वाक्य घातलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी शीळ घालत दाढी करत होते.

मग तुमचं जानेवारीचं पत्र आलं. मी चोर आहे असं डोळ्यांनी वाचत होते आणि तोंडाने तुमचे आशीर्वाद तयार करत होते. यांची बदली वगैरे काही झालेली नव्हती. तुम्ही पुन्हा लिहिणार हे कळत होतं, म्हणून मीच निघायचं ठरवलं. यंत्र न्यायचं मात्र तुमचं पत्र येईपर्यंत मनातही नव्हतं. तुम्ही लिहिलंत, आणि मग ते टेबलावरून माझ्याकडे बघायला लागलं. नाही नेलं तरी चोर ठरलेच होते. विटा मी ठेवल्या. गुंडाळल्याही मीच, खुळखुळल्या असत्या तर त्यांनी ओळखलं असतं. पंखा आणि तोट्या यांनी काढल्या, ते मला वाटेत कळलं.

इथे मला टाइपिंगचं काम मिळालं आहे. ज्याच्या घरी यंत्र असेल त्यालाच देतात. त्यामुळे मी ते परत पाठवणार नाही. माफी मागत नाही, कारण मागितली तर परत करावं लागेल.

त्यांना पत्र सावकाश वाचून दाखवायला सांगा. शेवटची ओळ झाली की लगेच घडी घालू नये. ते थोडा वेळ तसेच बसतात.

आपली, नाव लिहीत नाही


ता. १४ मार्च

श्री. कंपाउंडर यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर आणि तुमच्या नावाने पाठवते आहे. हे फक्त तुमच्यासाठी आहे. यातलं अक्षरही दादाला कळू देऊ नका.

त्याच्या वरच्या खोल्यांत राहणाऱ्या त्या बाईचं मला पत्र आलं. दोन वर्षं ती माझी पत्रं जशी आहेत तशी वाचतच नव्हती. माझं कडू ती गाळायची आणि आपलं गोड त्यात घालायची. दादाला ज्या वाक्याचा एवढा ध्यास लागला आहे, ते वाक्य तिचं आहे. मी ते जानेवारीतच त्याला लिहून नाकारलं होतं, पण तेही तिच्याच हाती पडलं. ती यंत्र घेऊन गेल्यावर हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. एका दिवसात त्याचं किती न्यायचं?

तेव्हा तुम्ही एवढं करा. मी भुणभुण करणारी बाई आहे, लिहायला बसले की दिवसभराचं सगळं कागदावर सांडतं. तिच्यासारखं तुम्हीही ते गाळत जा. आंधळा, मूर्ख, अंथरूण असले शब्द आले की सोडून द्या. जमलं तर एखादं चांगलं वाक्य घाला, माझी परवानगी आहे.

सोबत वेगळी चिठ्ठी जोडली आहे. तिच्यावर एकच ओळ आहे, 'दादा, त्या वेळी मी यायला हवं होतं.' ती माझं पत्र म्हणून त्याला वाचून दाखवा. खरं विचाराल तर मी यायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. यांना टाकून मी कशी निघाले असते? पण त्याला ते हवं आहे, आणि ते ऐकून तो इथे येणार असेल तर माझ्या खरेपणाला घेऊन काय करू? लिहिताना हात थरथरला, तेव्हा त्यात थोडं माझंही असावं.

तुमच्या हाती माझा भाऊ आहे. उपकार विसरणार नाही.

आपली
दादांची बहीण


ता. २२ मार्च

सौ. ताईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपलं पत्र दवाखान्यात पोचलं. आपले बंधू दुपारचे माझ्याकडेच येऊन बसतात. पोस्टमनने पाकीट काउंटरवर टाकलं आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं की ते आपलं आहे. माझ्या नावाने का आलं, असं त्यांनी विचारलं. मला कारण माहीत नव्हतं. मी फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

हे फक्त तुमच्यासाठी आहे, ही ओळ मी वाचली. यातलं अक्षरही दादाला कळू देऊ नका, हीही वाचली. तिथे मी थांबलो. ते म्हणाले, पुढे वाचा. आमच्या कामात डॉक्टरांच्या चिठ्ठीतली एक ओळ गाळली तर माणूस जातो. पहिल्या मालकांनी मला हेच शिकवलं आणि नोकरीभर मी वाचायला घेतलेलं कधी अर्धं सोडलेलं नाही. मी सहीपर्यंत वाचलं. चिठ्ठीही वाचली. चांगलं वाक्य घालायची परवानगी आपण दिली होती, पण तोवर मला काही सुचलं नाही.

शेवटची ओळ झाल्यावर मी घडी घातली नाही. ते बसून होते. मग त्यांनी हात थरथरल्याची ओळ पुन्हा वाचायला सांगितली, ती वाचली. मग मला घरी घेऊन गेले आणि कपाटातून आपल्या जुन्या पत्रांचा गठ्ठा काढून दिला. तो त्या बाईने नीट लावून ठेवला होता. ते म्हणाले, जसं आहे तसं वाचा. मी तिसऱ्या पत्रापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. आपल्या पत्रांत काळजी पुष्कळ होती, हे मी त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले.

त्यानंतर त्यांनी आपल्यासाठी निरोप सांगितला. तो मी तसाच देतो. ते म्हणाले, "तिला कळवा, तिच्यावर राग नाही. ती तेव्हा आली नाही ते बरोबरच केलं. पण यायला हवं होतं असं म्हणणारी जी माझी बहीण होती, ती वरच्या मजल्यावर राहत होती. ती जागा सोडून गेली."

आपल्याकडे येण्याचं त्यांनी रद्द केलं आहे. घर विकणार नाहीत, वरच्या खोल्याही पुन्हा भाड्याने देणार नाहीत. आपण पाठवलेलं यंत्र त्यांनी मला घेऊन जायला सांगितलं, मी नेलेलं नाही. या पत्रात त्यांना काही सांगायचं आहे का, असं मी मघाशी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही कळवताय ना, तेवढं पुरे.

आपलं पुढचं पत्र आलं तर काय करायचं तेही विचारून घेतलं. न फोडता गठ्ठ्यावर ठेवायचं आहे. तेव्हा आपण लिहिलंत तर ते पोचेल, एवढी खात्री मी देतो. वाचलं जाणार नाही.

आपल्या यजमानांना आराम पडो.

आपला
कंपाउंडर

(हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवलं आहे. त्यांनी काही बदल सांगितला नाही.)